पॉकेट बाईक रेसिंग : गुडघ्याएवढ्या मोटारसायकलींचा मोठा खेळ

खऱ्या रेसिंग मोटारसायकलसारखीच दिसणारी, पण उभ्या माणसाच्या जेमतेम गुडघ्याला लागणारी गाडी म्हणजे पॉकेट बाईक. युरोपात तिला मिनिमोटो म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खेळणेच वाटते. प्रत्यक्षात जगातले अनेक मोटोजीपी विजेते या गाडीवरून पुढे गेले आहेत, आणि मोठ्या गाड्यांवर पोट भरणारे रेसर आजही सरावासाठी तिच्याच मोठ्या भावंडांवर बसतात. मुलांना हा खेळ सहा-सात वर्षांच्या वयापासून खेळता येतो. मोठ्यांसाठी वजनानुसार वेगळे गट असतात.

कोल्हापुरात गाड्यांचा नाद जुना आहे. उद्यमनगरच्या कारखान्यांत आणि फाउंड्र्यांत इंजिनाचे सुटे भाग ओतणारे, कातणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. गो-कार्टिंगमध्येही या शहराचे नाव आहे. मोहितेंच्या रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ध्रुव मोहिते आणि ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेले कृष्णराज महाडिक हे दोन रेसर याच शहरातले. त्यामुळे राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत लहान मुलाच्या हाती अशी छोटी पेट्रोलची गाडी दिसली, तर लोक आधी कौतुकाने थांबतात. ही गाडी नेमकी कशी असते, ती कुठे चालवता येते, कुठे नाही, आणि मुलाला या खेळात घालताना पालकांनी काय बघायचे, हे प्रश्न त्यानंतर येतात. खरे तर ते आधी यायला हवेत.

गाडी कशी असते

खरी पॉकेट बाईक वीस किलोच्या आसपास भरते. इंजिन बहुधा टू-स्ट्रोक, ४० ते ५० सीसीचे असते. गिअर नसतात. सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की क्लच आपोआप पकडतो आणि गाडी निघते. जुन्या लुनाचा किंवा आजच्या स्कूटरचा अनुभव असलेल्याला हे लगेच कळेल. चालू करायला किक नसते, जनरेटरसारखी दोरी ओढावी लागते. पुढचा आणि मागचा, दोन्ही डिस्क ब्रेक सायकलसारखे हातातच असतात. चाके साधारण साडेसहा इंची. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते. त्याचे प्रमाण इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेलेच ठेवायचे असते. अंदाजाने ओतलेले ऑइल कमी पडले की पिस्टन जाम होतो, आणि पिस्टन जाम झाला की मागचे चाक ऐन वेगात अडकू शकते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वरवर पाहताना दिसत नाही. या गाडीला सस्पेन्शन नसते. शॉकअप नाही, स्प्रिंग नाही. रस्त्याचा प्रत्येक खडा थेट हँडलमध्ये येतो. मोठ्या मोटारसायकलचे चाक ज्या खड्ड्यावरून सहज जाते, तोच खड्डा या चाकाला भिंतीसारखा अडतो. म्हणून गुळगुळीत, झाडून घेतलेल्या डांबरी ट्रॅकवरच ही गाडी तिच्या गुणांनी चालते.

दुसरी बाब वजनाची. मोठ्या रेसिंग गाडीवर रेसरचे वजन गाडीच्या निम्म्याहूनही कमी असते. इथे उलटा हिशेब आहे. सत्तर किलोचा माणूस वीस किलोच्या गाडीवर बसला की गाडी म्हणजे जवळजवळ त्याचेच शरीर होते. कुल्ले जरा सरकले, खांदा जरा झुकला, तरी गाडीची दिशा बदलते. वळणात आधी नजर कुठे जाते, मग शरीर कुठे जाते, गॅस कधी उघडायचा, पुढचा ब्रेक कुठे सोडायचा हे सगळे ती गाडी कठोरपणे शिकवते. चूक इंजिनाच्या ताकदीखाली झाकता येत नाही. तालमीत वस्ताद पोराला कुस्तीच्या आधी नुसत्या जोर-बैठका घालायला लावतो, त्यातलाच हा प्रकार.

चांगल्या बनावटीची रेसिंग पॉकेट बाईक सरळ पट्ट्यावर ताशी ८० ते १०० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून हा वेग दुप्पट वाटतो. मुलांसाठीच्या गाड्यांत इंजिनाची ताकद मुद्दाम दाबलेली असते. कार्बोरेटरच्या तोंडाशी अडथळा बसवतात, किंवा गॅस अर्ध्यावरच अडेल अशी सोय करतात. मूल तयार होईल तसतसा तो अडथळा काढत जातात.

जपानातून इटलीत, आणि तिथून सगळीकडे

छोट्या मोटारसायकलचा इतिहास जपानच्या एका करमणूक उद्यानात सुरू होतो. १९६१ मध्ये होंडाने टोकियोजवळच्या टामा टेक उद्यानात मुलांना फिरवायला एक बुटकी गाडी बनवली. पुढे तीच ‘मंकी’ या नावाने जगभर गेली. मोठी माणसे त्या गाडीवर माकडासारखी दिसतात म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. शर्यतीची पॉकेट बाईक ही तिची पुढची पायरी. जपानात ती रुजली आणि १९८०च्या दशकात इटलीने तिला खऱ्या अर्थाने खेळ बनवले. पोलिनीसारख्या इटालियन आणि ब्लाटा या चेक कंपनीने शर्यतीसाठी गाड्या बनवल्या, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांतून छोटे ट्रॅक उभे राहिले.

व्हॅलेंटिनो रॉसीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण ती थेट खर्चाशी जोडलेली आहे. लहानपणी तो कार्ट चालवायचा. वडील ग्राझियानो स्वतः मोटारसायकल रेसर होते. कार्टिंगच्या वरच्या गटाचा खर्च झेपेना, तेव्हा मुलगा मिनिमोटोकडे वळला. आंद्रेआ दोवित्सिओझो आणि मार्को सिमोन्चेली हेही याच खेळातले इटालियन विजेते. जपानच्या दाइजिरो कातोची सुरुवातही पॉकेट बाईकवरच झाली. २००१ मध्ये तो २५० सीसीचा जगज्जेता झाला आणि २००३ मध्ये सुझुका इथल्या अपघातानंतर गेला. त्याच्या गाडीचा क्रमांक ७४ होता. तोच आकडा आणि त्याचे नाव घेऊन मुलांसाठीची ‘७४ दाइजिरो’ ही पॉकेट बाईक जपानात धावते.

याच गाडीची वाईट बाजूही युरोपने पाहिली. २००३ नंतरच्या काही वर्षांत चीनमध्ये बनलेल्या स्वस्त नकला ब्रिटनमध्ये हजारोंनी शिरल्या. मुले त्या फुटपाथवर, बागांत, रस्त्यांवर पळवू लागली. अपघात झाले, काही मुले दगावली. पोलिसांनी गाड्या जप्त करून त्यांचा चुरा करायला सुरुवात केली. ट्रॅकवर रीतसर खेळणाऱ्या क्लबांना त्या बदनामीचा त्रास बराच काळ झाला.

भारतात : मिनीजीपी

भारतात मूळ अर्थाच्या पॉकेट बाईकची सलग राष्ट्रीय स्पर्धा रुजलेली नाही. इथे जी दारे उघडली ती जरा मोठ्या गाडीने. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ म्हणजे एफआयएम आणि मोटोजीपी चालवणारी डोर्ना कंपनी यांनी २०२१ मध्ये ‘मिनीजीपी’ ही जागतिक मालिका सुरू केली. वेगवेगळ्या देशांत एकाच गाडीवर, एकाच टायरवर आणि जवळपास एकाच नियमांवर शर्यती घ्यायच्या आणि प्रत्येक देशातल्या पहिल्या मुलांना जागतिक अंतिम फेरीला बोलवायचे, अशी ती कल्पना. वयोगट १० ते १४ वर्षे. गाडी इटलीची ओव्हाले, १६० सीसी, फोर-स्ट्रोक, गिअरची. हिला सस्पेन्शन असते, चाके मोठी असतात, पण उंची अजूनही कमरेखालीच. २०२२ मध्ये भारताची मालिका सुरू झाली.

या मालिकेचा मोठा गुण म्हणजे ती कार्टिंगच्या ट्रॅकवर होते. किलोमीटरभर लांबीचा, वळणावळणांचा ट्रॅक. वेग मर्यादित राहतो, गाडी घसरली तर मूल थोडेच अंतर घसरते. ज्या शहरात कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे तिथे या खेळाला लागणारी अर्धी सोय आधीच असते. कोल्हापूरला हे लागू पडते.

मातीवरचा समांतर रस्ताही आहे. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस जास्त जुने आहे. तिथे लहान मुले ५० आणि ६५ सीसीच्या डर्ट बाईकवर सुरुवात करतात, मग ८५ सीसीवर जातात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिच्यात परदेशी रेसरांच्या ४५० सीसी गटाबरोबर ८५ सीसीचा कनिष्ठ गटही होता. मातीवर पडणे जास्त आणि वेग कमी. डांबरावर पडणे कमी, पण पडल्यावर कातडी सोलते. कुठले मूल कुठे रमेल हे दोन्ही करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

श्रेयस हरीश

भारतातल्या मिनीजीपीबद्दल बोलताना बेंगळुरूच्या श्रेयस हरीशचे नाव टाळता येत नाही. तो भारतीय मिनीजीपीचा विजेता होता. स्पेनमध्ये जाऊन तिथल्या मिनीजीपी शर्यतींतही त्याने वरचे क्रमांक मिळवले होते. २६ जुलै २०२३ रोजी तो तेरा वर्षांचा झाला. ५ ऑगस्टला चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेच्या नवोदित गटात तो उतरला. त्या दिवशी सकाळी पात्रता फेरीत त्याने पहिली जागा मिळवली होती. शर्यत सुरू झाल्यावर पहिल्या वळणातून बाहेर पडताना तो पडला, डोक्याला जबर मार बसला. ट्रॅकवर रुग्णवाहिका होती, त्याला तातडीने रुग्णालयात नेले, पण तो वाचला नाही. आयोजकांनी त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या.

ही शर्यत मिनीजीपीची नव्हती, हे नीट लक्षात घ्यायला हवे. ती पावणेचार किलोमीटर लांबीच्या पूर्ण सर्किटवर, मोठ्या गाड्यांवर होती. कार्टिंग ट्रॅकवरचा विजेता आणि मोठ्या सर्किटवरचा नवोदित हा एकच मुलगा असतो, पण ते दोन खेळ आहेत. एकातून दुसऱ्यात कोणत्या वयात जायचे, हा या सगळ्या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न.

जगानेही तो २०२१ नंतर नव्याने विचारला. त्या एका वर्षात मे महिन्यात मुजेल्लो इथे १९ वर्षांचा जेसन दुपास्किए, जुलैमध्ये आरागॉन इथे १४ वर्षांचा ऊगो मिलान आणि सप्टेंबरमध्ये हेरेस इथे १५ वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस गेला. तिघांचे अपघात वेगळे, पण त्यांत एक गोष्ट सारखी. पडण्याने नव्हे, तर पडल्यानंतर मागून येणाऱ्या गाडीची धडक बसल्याने ते दगावले. हेल्मेट आणि सूट पडण्यापासून बरेच वाचवतात, या धडकेपासून फार कमी वाचवतात. सारख्या ताकदीच्या गाड्या, सारख्या तयारीची तीस-चाळीस मुले आणि एकमेकांच्या चाकाला चाक लावून चाललेला घोळका, अशी मांडणी असली की पहिला पडला तर मागच्याला वळायला जागाच नसते. एफआयएमने त्यानंतर एका शर्यतीतल्या गाड्यांची संख्या कमी केली आणि वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवल्या. २०२३ पासून जागतिक ग्रां प्री स्पर्धेसाठी किमान वय, थोडे अपवाद सोडता, १८ आहे.

म्हणून एखाद्या अकादमीत किंवा स्पर्धेत मुलाला पाठवताना गाडी किती सीसीची हे विचारण्याआधी एकाच वेळी ट्रॅकवर किती गाड्या सोडता, हे विचारावे. त्यांत वय आणि तयारीत फार फरक असलेली मुले एकत्र असतात का, हेही. वळणांवर झेंडे घेऊन मार्शल उभे असतात का आणि त्यांचे झेंडे मुलांना आधी शिकवले जातात का, हेही. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा आणि ओव्हरटेक करायचे नाही, हे ज्याला झोपेतही आठवते ते मूल पुढच्या पडलेल्या मुलाचा जीव वाचवते.

कायदा काय म्हणतो

गल्लीतल्या गाडीकडे परत. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे. चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन त्या व्याख्येतून वगळले आहे. बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या पेट्रोलच्या बहुतेक पॉकेट बाईक ४९ सीसीच्या असतात. म्हणजे विकणाऱ्याने खोक्यावर ‘टॉय’ लिहिले असले, तरी कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच. त्याला नोंदणी हवी, विमा हवा, आणि मान्यताप्राप्त चाचणी न झालेल्या गाडीची नोंदणी होत नाही. म्हणून ती रस्त्यावर आणताच येत नाही, चालवणारा वडील असो की मुलगा.

वयाचा मुद्दा वेगळा. सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायला १८ वर्षे पूर्ण हवीत. ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला सोळाव्या वर्षी परवाना मिळू शकतो. १९७२ मध्ये बाजारात आलेली कायनेटिकची लुना आठवणाऱ्या पिढीला हा नियम तोंडपाठ असतो, कारण कॉलेजात जाणाऱ्या निम्म्या महाराष्ट्राने त्याच सवलतीवर गाडी शिकली. पण त्या लुनाला नंबर होता, परवाना होता. नऊ वर्षांच्या मुलाला त्या सवलतीचा काही उपयोग नाही.

आणि ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे फक्त हमरस्ता नव्हे. लोकांना जिथे जाण्या-येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते. राजारामपुरीच्या क्रमांकांच्या गल्ल्या येतात, दुपारी ओस पडलेला रस्ता येतो, लोकांना खुले असलेले मैदानही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सार्वजनिक ठिकाणी विनापरवानगी शर्यत लावणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इलेक्ट्रिक छोट्या गाड्यांनाही सरसकट सूट नाही. मोटरची ताकद आणि वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याही नोंदणीत येतात.

खाजगी, बंदिस्त ट्रॅकवर हे नियम आड येत नाहीत. तिथे खेळाचे नियम लागतात. भारतात ते फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया म्हणजे एफएमएससीआय ठरवते. अधिकृत स्पर्धेत उतरायला तिचा स्पर्धा परवाना लागतो. वैद्यकीय तपासणी आणि पालकांची लेखी संमती द्यावी लागते. एक गोष्ट पालकांच्या हमखास नजरेआड राहते. नेहमीच्या बहुतेक अपघात विम्यांत मोटार शर्यतीतली दुखापत वगळलेली असते. आयोजकांचा विमा कशाकशाला लागू आहे हे संमतीपत्रावर सही करण्याआधी वाचून घ्यावे.

सुरुवात करायची तर

आधी हेल्मेट, मग गाडी. हा क्रम उलटा झाला की पैसे गाडीत संपतात आणि डोक्यावर मोठ्या भावाचे ढिले हेल्मेट येते. मुलाचे हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे, त्याच्याच मापाचे आणि वजनाला हलके हवे. जड हेल्मेट लहान मानेला झेपत नाही, आणि पडताना तेच वजन मान ओढते. बसवून, पट्टा आवळून, मागून वर ढकलून पाहावे. निघत असेल तर ते हेल्मेट त्याचे नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बाद धरावे. त्याखालोखाल कातडी सूट, पाठीचा आणि छातीचा गार्ड, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. जीन्स डांबरावर क्षणात फाटते.

गाडी विकत घेण्याआधी भाड्याच्या किंवा अकादमीच्या गाडीवर काही दिवस बसवून बघावे. बऱ्याच मुलांचा उत्साह तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरतो, आणि ते कळायला गाडी घेण्याची गरज नसते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांत ब्रेकची पकड, चेनची सरळ रेघ आणि गॅसची केबल या तीन ठिकाणी गडबड असते. गॅस सोडल्यावर मूठ आपोआप मागे फिरली नाही तर ती गाडी मुलाला देऊ नये. मनगटाला दोरी बांधलेला बंद करण्याचा स्विच असावा, म्हणजे मूल पडले की इंजिन बंद होते. उद्यमनगरचा कुठलाही बरा मिस्त्री या गोष्टी अर्ध्या तासात तपासून देईल. फक्त ‘जरा पिकअप वाढवून द्या’ असे त्याला सांगू नये, कारण तो खरेच वाढवून देईल.

मोठ्यांसाठी हा खेळ वेगळ्या कारणाने चांगला आहे. पस्तिशी-चाळिशीत मोठ्या रेसिंग गाडीवर ट्रॅकला जायचे म्हटले की खर्च वाढतो आणि पडण्याची किंमतही. छोट्या गाडीवर कार्टिंग ट्रॅकवर एका दिवसात जितकी वळणे मारून होतात तितकी मोठ्या सर्किटवर आठवड्यात होत नाहीत. टायर आणि पेट्रोल नगण्य लागते. युरोपात चार-पाच मित्र मिळून एक गाडी घेतात आणि आळीपाळीने काही तासांची सहनशक्तीची शर्यत खेळतात. गुडघे पोटात घेऊन वीस मिनिटे बसल्यावर कमरेचे काय होते हे त्या शर्यतीतच समजते. उंच माणसांना हा प्रकार मानवत नाही. त्यांनी ओव्हालेसारख्या जरा मोठ्या गाडीवर किंवा पिट बाईकवर जावे.

मुलांच्या बाबतीत वय हे एकच माप पुरत नाही. सायकलवर तोल पक्का आहे का, दोन्ही ब्रेक सारखे दाबता येतात का, सांगितलेले ऐकून थांबता येते का, हे बघून चांगला प्रशिक्षक ठरवतो. पहिल्या दिवशी तो गाडी जास्त पळवायला देत नाही. ठरलेल्या खुणेवर थांबायला लावतो, पुन्हा निघायला लावतो, पुन्हा थांबायला लावतो. ज्या ट्रॅकवर पहिल्याच दिवशी मुलांची शर्यत लावतात, तिथून मुलाला घरी घेऊन यावे.